तेल, मेण आणि मुळशीचा पाऊस : शस्त्र जपण्याचा इतिहास



आजचा विषय जरा वेगळा आहे. शस्त्रांवरची व्याख्यानं आपण पुष्कळ ऐकतो. कुठली तलवार कुणाची, कुठली तोफ कुठून आली, कुठल्या लढाईत कोण पडलं, हे सगळं ऐकतो. पण एक साधा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. लढाई दोन तासांची किंवा दोन दिवसांची असते. बाकीचे तीनशे साठ दिवस ते हत्यार काय करत असतं? भिंतीला टांगलेलं असतं, पेटीत असतं, कोठीत असतं. आणि त्या तीनशे साठ दिवसांत त्याचा एक शत्रू रात्रंदिवस काम करत असतो. तो शत्रू म्हणजे गंज.

हा विषय मुळशीतच बोलायला हवा, असं मला वाटतं. कारण उघड आहे. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पश्चिमेला निघालो, की पौड, मुळशी, ताम्हिणी असं करत पन्नास-साठ किलोमीटरमध्ये आकडा कितीतरी पटींनी वाढतो. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर जुलै २०२४ मध्ये एका दिवसात पाचशे मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला. म्हणजे पुण्याच्या वर्षभराच्या पावसातला मोठा हिस्सा एका दिवसात. अशा मुलखात लोखंड टिकवायचं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. कोयता दोन दिवस ओसरीवर विसरला की तिसऱ्या दिवशी तो तांबडा झालेला असतो.

आधी गंज म्हणजे काय ते थोडक्यात बघू, म्हणजे पुढचा इतिहास नीट कळेल. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. त्यासाठी पाऊस प्रत्यक्ष अंगावर पडायला लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली, की उघड्या लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसतो आणि काम सुरू होतं. मुळशीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत ही मर्यादा दिवसरात्र ओलांडलेली असते. त्यात मीठ आलं की वेग कितीतरी वाढतो. मीठ कुठून येतं? आपल्या हाताच्या घामातून. म्हणून चकचकीत लोखंडावर बोटांचे ठसे उमटतात आणि काही दिवसांनी नेमके त्याच आकाराचे तांबडे डाग दिसतात.

आणखी एक गोष्ट. तांब्यावर हिरवट थर आला की तो खालच्या तांब्याला बऱ्यापैकी सांभाळतो. लोखंडाचा तांबडा गंज तसा नाही. तो सच्छिद्र असतो, पापुद्र्यासारखा सुटतो, ओल धरून ठेवतो आणि खाली नवं लोखंड उघडं पाडतो. म्हणजे गंज एकदा लागला की तो स्वतःच पुढच्या गंजाची सोय करतो. म्हणून लोखंड राखायचं तर काम एकदा करून भागत नाही, ते सतत करावं लागतं. आपल्या आजच्या विषयाचं मूळ सूत्र हेच आहे.

आता तीनशे वर्षं मागे जाऊ. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ. राज्य कसं चालवावं, दुर्ग कसे राखावेत, याचं त्यात विवेचन आहे. आपण त्यातली दुर्गांची थोरवी नेहमी ऐकतो. पण दुर्गप्रकरणात अमात्य अगदी कोठी सांभाळणाऱ्या माणसासारखे बोलतात, तो भाग मला जास्त मोलाचा वाटतो. ते सांगतात, दारूखाना वस्तीला लागून नको. त्याला भोवती कुसू हवा. आत तळघर करावं, गच्ची करावी, आणि दारूची मडकी थेट जमिनीवर न ठेवता माच घालून त्यावर ठेवावीत. सर्दी लागू देऊ नये. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावं.

मंडळी, यातलं शेवटचं कलम बघा. दारू ठेवली, कुलूप घातलं, संपलं, असं नाही. दर पंधरवड्याला बाहेर काढायची, वाळवायची, परत ठेवायची, आणि अधिकाऱ्याने समोर उभं राहून मोहोर करायची. आजच्या भाषेत सांगायचं तर हे देखभालीचं वेळापत्रक आहे, आणि त्यात जबाबदार माणूस कोण हेही ठरवून दिलेलं आहे.

त्याच ग्रंथात पावसाळ्याची तरतूद वेगळी सांगितली आहे. पर्जन्यकाळात तोफांना आणि दरवाज्यांना तेल-मेण द्यावं, तोफेच्या कान्यात मेण भरावं, वरून झाकण करावं, म्हणजे त्या वाया जाणार नाहीत. कान्या म्हणजे तोफेच्या मागच्या बाजूचं ते छोटं भोक, ज्यातून बत्ती दिली जाते. पाणी आत शिरायचा सगळ्यात सोपा रस्ता तोच. तोंडाशी झाकण बसवता येतं, पण कान्या उघडा राहिला तर थेंब थेंब पाणी थेट तळाशी, जिथे दारू भरायची तिथेच साठतं. तिथे गंज धरला तर नळी नेमकी सर्वात जास्त जोर सोसणाऱ्या जागी कमजोर होते. म्हणून कान्यात मेण. ज्याने हे लिहिलं त्याने सह्याद्रीतला पावसाळा किल्ल्यावर काढलेला असणार, असं हे वाचताना वाटतं.

हे नियम कुठल्या मुलखासाठी होते? आपल्याच. मुळशी तालुक्यात आज कोरीगड आहे, घनगड आहे, कैलासगड आहे. कोरीगडावर कोराईदेवीच्या देवळाच्या परिसरात तोफा आहेत, त्यातल्या सर्वांत मोठीला लक्ष्मी तोफ म्हणतात. तिथे जुलैत उभं राहून बघा. समोरचा माणूस धुक्यात दिसत नाही. तिथे लोखंड राखणं हे किती मोठं काम असेल, याचा अंदाज येतो.

आणि दारूखान्याचा नियम किती खरा होता, हेही कोरीगडानेच दाखवलं. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने गडाला वेढा घातला. तीन दिवस गड हाती येईना. मग १४ मार्चला तोफेचा एक गोळा गडावरच्या दारूकोठारावर पडला, मोठा स्फोट झाला आणि शिबंदीला गड सोडावा लागला. भिंत पडली नव्हती, दरवाजा फुटला नव्हता. कोठार उडालं आणि गड गेला. किल्ल्याचं बळ त्याच्या कोठीत असतं, हे वाक्य इथे शब्दशः खरं ठरलं.

तोफांकडून आता हातातल्या हत्याराकडे येऊ. 'पिस्तूल' हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला, 'काडतूस'सुद्धा त्यांच्याकडूनच. आपला जुना शब्द 'तमंचा', तो फारसी-तुर्की वाटेने आलेला. शब्दांवरूनच कळतं की हे हत्यार समुद्रावरून आणि उत्तरेकडून, अशा दोन्ही वाटांनी आपल्याकडे आलं. पण ते वापरणाऱ्याला लागणारी कला मात्र इथेच तयार करावी लागली, कारण हवा इथली होती.

काळी दारू कशाची होते? सोरा, कोळसा आणि गंधक. साधारण शंभर भागांत पंच्याहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. ही दारू जळते तेव्हा सगळीच धूर होऊन उडून जात नाही. वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन राखेच्या रूपात मागे राहतो. काही धुराबरोबर बाहेर पडतो, काही नळीच्या आत चिकटतो. आणि ही राख साधी नसते. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. म्हणजे बार उडवला आणि हत्यार तसंच ठेवलं, की नळीच्या आत आपोआप एक ओला, खारट लेप तयार होतो. कोरड्या मुलखात याला काही दिवस लागतील. पावसाळ्यात मुळशीत एक रात्र पुरेशी आहे.

मग उपाय काय? इथे एक गंमत आहे. पहिलं उत्तर आपल्या मनात येतं ते तेल. पण तेलाने हे क्षार विरघळत नाहीत. क्षारांवर तेल ओतलं की ते तेलाखाली झाकले जातात आणि खाली आपलं काम करत राहतात. क्षार निघतात ते पाण्याने. म्हणजे ज्या पाण्याला लोखंड घाबरतं, त्याच पाण्याने ते आधी धुवावं लागतं. त्यातही गरम पाणी चांगलं, कारण एक तर क्षार लवकर विरघळतात आणि दुसरं म्हणजे नळी तापते, त्यामुळे उरलेलं पाणी पटकन वाळून जातं. मग गजाला कापडाची चिंदी लावून नळी कोरडी होईपर्यंत पुसायची, आणि त्यानंतर तेलाचा हात. क्रम असा आहे : पाणी, कोरडेपणा, तेल. यातली एक पायरी चुकली की बाकीच्या दोन वाया.

चकमकीच्या पिस्तुलाला आणखी एक काम असतं. रंजक ठेवायची ती छोटी वाटी आणि तिथून नळीत जाणारं बारीक छिद्र साफ ठेवावं लागतं. ते राखेने बुजलं तर चाप ओढल्यावर वाटीतली रंजक भडकते पण आतला बार उडत नाही. समोर शत्रू असताना असं झालं तर पुढे काय, ते सांगायला नको.

तेल कुठलं, हाही प्रश्न आहे. घरात जी तेलं असतात ती वनस्पतींची. ती पातळ थर देतात, पण काही महिन्यांनी हवेने घट्ट होतात, चिकट होतात. आपल्या देव्हाऱ्यातल्या समईच्या बुडाशी जो चिकट थर बसतो, तोच प्रकार. जवसाचं तेल तर वाळण्यासाठीच प्रसिद्ध आहे. ते बंदुकीच्या लाकडी दस्त्याला उत्तम, पण घोड्याच्या कळीत गेलं तर कळ अडकते. म्हणून जुन्या पद्धतीत तेल पुन्हा पुन्हा पुसून नवं द्यावं लागे. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशातलं खनिज तेल 'रंगून ऑइल' या नावाने ब्रिटिश फौजेत शस्त्रांसाठी प्रचारात आलं. खनिज तेल घट्ट होत नाही, त्यामुळे ते वनस्पती तेलापेक्षा सरस ठरलं.

आता ही कला कुणाच्या हातात होती? शिपाई आपलं हत्यार रोज पुसे. पण मोठं काम, म्हणजे चढलेला गंज काढणं, पात्याला पाणी आणि धार देणं, झिलई करणं, हे शिकलगाराचं. या शब्दाचं मूळ अरबी आहे आणि त्याचा अर्थच झिलईशी निगडित आहे. आज शिकलगार हे महाराष्ट्रातलं परिचित आडनाव आहे. आपण ते ऐकतो तेव्हा हे क्वचितच आठवतं, की कुठल्याही फौजेला सरदाराइतकीच शिकलगाराचीही गरज होती. चांगला शिकलगार तोच, जो गंज काढतो आणि लोखंड राखतो. जास्त घासलं की पातं पातळ होतं, नक्षी जाते, अक्षरं जातात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आणि या सगळ्याला आपल्या समाजाने एक दिवस नेमून दिला होता : खंडेनवमी. अश्विन शुद्ध नवमीला शस्त्रं बाहेर काढायची, स्वच्छ करायची, पूजा करायची. दुसऱ्या दिवशी दसरा, सीमोल्लंघन. धार्मिक अर्थ आहेच, तो मी नाकारत नाही. पण तिथी बघा. चार महिन्यांचा पाऊस नुकताच संपलेला असतो, मोहिमेचा हंगाम सुरू होणार असतो. वर्षात शस्त्र तपासायचा याहून योग्य दिवस कुठला असेल? कितीही आळशी माणूस असला तरी देवापुढे गंजलेलं हत्यार ठेवणार नाही. त्यामुळे ज्याने वर्षभर हात लावला नाही, तोही त्या दिवशी लावतो. आजही मुळशीच्या गावांत कोयता, विळा, नांगराचा फाळ, आणि आता ट्रॅक्टर, मोटारसायकलसुद्धा त्या दिवशी धुऊन पूजेला येतात. माझं म्हणणं असं, की ही पूजा म्हणजे जुनं देखभालीचं वेळापत्रकच आहे.

मग हे सगळं कधी तुटलं?

१८५७ ची आठवण करा. उठावाला निमित्त झालं ते एनफिल्ड रायफलच्या काडतुसाचं. आपण म्हणतो चरबीचं काडतूस. पण चरबी तिथे का होती? काडतुसाचा कागद ओल धरू नये, गोळी नळीत सहज उतरावी आणि दारूची राख मऊ राहावी म्हणून. म्हणजे तो वंगणाचाच प्रश्न होता. आपण इतका वेळ ज्या गोष्टीविषयी बोलतो आहोत, तीच गोष्ट. पण ती कशाची चरबी आहे, हे शिपायाला विश्वासाने सांगणारं कुणी नव्हतं, आणि सांगितलं तरी विश्वास ठेवायची वेळ निघून गेली होती. इतिहासात वंगणाने एवढा मोठा भडका क्वचितच उडवला असेल.

उठाव मोडल्यावर सरकारने लोकांची शस्त्रं काढून घेण्याचं धोरण कडक केलं. आणि १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या काळात, शस्त्रांचा कायदा आला. परवान्याशिवाय हिंदी माणसाला शस्त्र ठेवता येईना. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. या भेदाविरुद्ध काँग्रेसने सुरुवातीच्या काळापासूनच आवाज उठवला.

या कायद्याचा राजकीय अर्थ आपल्याला माहीत आहे. पण त्याचा एक परिणाम कागदावर दिसत नाही. ज्या घरात हत्यार आहे पण परवाना नाही, त्या घरात ते दडवलं जातं. माळ्यावर, कणगीत, भिंतीत, जमिनीत. आणि दडवलेलं हत्यार पुसता येत नाही. ऊन देता येत नाही. शिकलगाराकडे नेता येत नाही. खंडेनवमीला चारचौघांत मांडता येत नाही. सरकारला ते जप्त करायची गरजही उरत नाही, मुळशीचा पाऊस ते काम फुकट करतो. शिकलगाराच्या सहाणेवर तलवारीच्या जागी सुऱ्या, कात्र्या आणि अडकित्ते आले. एक अख्खी विद्या दोन-तीन पिढ्यांत आटली.

या पार्श्वभूमीवर क्रांतिकारकांच्या पिस्तुलांकडे बघा. १९०९ मध्ये लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा ब्राउनिंग पिस्तूलच वापरलं होतं. ही नवी पिस्तुलं होती. त्यांत काळी दारू नव्हती. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएयने धूरविरहित दारू शोधली होती, आणि तिची राख फारच कमी.

पण गंजाने इथेही पाठ सोडली नव्हती. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी जी टोपी असते, तिच्यात त्या काळी पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, आणि ते मिठाचंच भावंड. दारू बदलली, तरी नळीत मीठ राहिलंच. म्हणून पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायालासुद्धा रायफलच्या नळीतून उकळतं पाणी ओतायचा आदेश असे. त्याच्या दस्त्याच्या पोकळीत तेलाची छोटी बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे वजन लावलेली दोरी असायची. दोरीच्या फासात चिंदी अडकवायची आणि नळीतून ओढून काढायची. आपल्या पोलिसांत आणि सैन्यात 'पुलथ्रू' आणि 'चिंदी' हे दोन शब्द आजही जोडीने ऐकू येतात. क्षार न सोडणाऱ्या टोप्या बाजारात आल्या त्या १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात.

आता तुलना करा. सरकारी शिपायाच्या मागे शस्त्रागार होतं, तेल होतं, रोजची तपासणी होती. गुप्तपणे पिस्तूल बाळगणाऱ्या विशीतल्या तरुणाकडे यातलं काय होतं? सराव करायला जागा नाही, आवाज होईल म्हणून. उघडून साफ करायला एकांत नाही. लपवायला ओल असलेली जागा. सशस्त्र क्रांतीचा इतिहास लिहिताना आपण धैर्य मोजतो, ते मोजायलाच हवं. पण शस्त्र मिळवणं आणि शस्त्र राखणं या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी मागे काहीतरी व्यवस्था लागते.

हा धडा ज्याच्या आयुष्यात सगळ्यात स्पष्ट दिसतो तो माणूस मुळशीचाच म्हणावा लागेल. पांडुरंग महादेव बापट. जन्म १८८० चा, पारनेरचा. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले, पुढे पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या मिळवली आणि १९०८ मध्ये परत आले. म्हणजे शस्त्राच्या मार्गाचा अभ्यास केलेला माणूस. आणि त्यांना 'सेनापती' ही पदवी कुठे मिळाली? बॉम्बने नाही. मुळशीच्या सत्याग्रहात, निःशस्त्र शेतकऱ्यांच्या पुढे उभे राहिले म्हणून.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी मुळा-निळा संगमाजवळ धरण होणार होतं. बावन्न गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं विस्थापित होणार होती. विनायकराव भुस्कुटे, बापट आणि हजारो मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. हातात शस्त्र नव्हतं. पुढे चळवळ थकली, फूट पडली, सावकार आणि जमीनदार मोबदल्याकडे वळले. तेव्हा डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या सोबत्यांसह हत्यारं घेऊन धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ मध्ये ते सुटले. तोवर धरण उभं राहिलं होतं.

तीन वर्षांच्या अंतरातली ही दोन दृश्यं शेजारी ठेवा. पहिल्यात शस्त्र नव्हतं, पण माणसं होती, भाकरी पोचवणारी घरं होती, बायका होत्या, गावं होती. दुसऱ्यात शस्त्र होतं, पण मागे गावं उरली नव्हती. जे तत्त्व कोरीगडाच्या कोठीला लागू, तेच चळवळीला लागू. सतत राखलं तर टिकतं. ताकद असते ती राखणाऱ्या हातांत.

आता आजच्याकडे येतो, कारण व्याख्यानानंतर लोक हमखास विचारतात की आमच्या घरी एक जुनी तलवार आहे, पणजोबांचं पिस्तूल आहे, काय करू?

ज्यांच्याकडे रीतसर परवान्याचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर आहे, त्यांच्यासाठी नियम जुनेच आहेत. आधी ते रिकामं आहे याची खात्री करायची, डोळ्यांनी आणि बोटानेही. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग नळी ब्रशने आणि चिंदीने साफ करायची, कोरडी करायची, तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. जास्त तेल म्हणजे जास्त संरक्षण नव्हे. जास्त तेल धूळ धरतं आणि काडतुसाच्या टोपीपर्यंत गेलं तर ती निकामी करू शकतं. चामड्याच्या म्यानात हत्यार कायमचं ठेवू नये, चामडं ओल धरतं. कुलपाच्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती वेळोवेळी बदलावी. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं, तर देण्याआधी तेलाचा हात द्यावा आणि परत आल्यावर लगेच उघडून बघावं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी बघितलंच पाहिजे. अमात्य पंधरा दिवस म्हणत होते.

पण जुनं, ऐतिहासिक हत्यार असेल तर सल्ला उलटा आहे. ते चकचकीत करू नका. चिंच, विटकर, पॉलिश पेपर, यंत्राचा ब्रश, यांतलं काहीही लावू नका. सगळा काळा थर म्हणजे गंज नसतो. बंदुकीच्या नळीवर जो निळा-काळा रंग असतो तो कारागिराने मुद्दाम चढवलेला असतो. लोखंडाचीच ती काळी, घट्ट बसणारी भस्मावस्था आहे, आणि ती तांबड्या गंजाला रोखते. गंजानेच गंज रोखायची ही युक्ती. आपण घासून ती काढली, की हत्यार सुंदर दिसतं आणि निःशस्त्र होतं. त्याबरोबर कारागिराचा ठसा, कारखान्याची खूण, एखादं अक्षर, सगळं जातं. मग ते पणजोबांचं होतं हे सांगायला पुरावा उरत नाही. जुनं बंदूक-पिस्तूल असेल तर कायद्याची बाजू आधी बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या, दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला वेगळी तरतूद आहे, पण ते तसं आहे की नाही हे आपण घरी ठरवायचं नसतं.

गडांवरच्या तोफांचंही तेच. अनेक दुर्गप्रेमी तरुण कष्टाने दरीतून तोफा वर आणतात, त्यांना लाकडी गाडे करतात. त्यांचे उपकार आहेत. विनंती एवढीच, की गंजावरून थेट काळा ऑइलपेंट मारू नका. आतला क्षार आतच कोंडतो आणि वर्षा-दोन वर्षांत रंगासकट पापुद्रे निघतात. संवर्धनाचे जाणकार आधी सुटा गंज आणि क्षार काढतात, मग टॅनिनचा लेप देतात, आणि शेवटी मेण लावतात. टॅनिन गंजाशी मिळून काळा, स्थिर थर करतं. आपल्या जंगलातला हिरडा याच टॅनिनने भरलेला असतो. हिरडा आणि लोखंड यांची काळी शाई आपल्या पूर्वजांना माहीत होती. अर्थात, म्हणून कुणी उद्या गडावर हिरड्याचा काढा घेऊन जाऊ नये. हे काम शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावं.

आणि शेवटचा थर कशाचा? मेणाचा. एकविसाव्या शतकातली प्रयोगशाळा आणि तीनशे वर्षांपूर्वीचे अमात्य एकाच पदार्थापाशी येऊन थांबतात.

यंदाच्या खंडेनवमीला घरात जे काही जुनं लोखंड असेल, ते बाहेर काढा. घासू नका. कोरड्या मऊ कापडाने पुसा, चारी बाजूंनी फोटो काढा, कुणाचं होतं, कुठून आलं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. लोखंड गंजायला वर्षं लागतात. आठवण त्याहून लवकर गंजते, आणि तिला लावायला तेल नाही, एवढं लिहून ठेवणंच आहे.